सरोजवहिनींचं केळवण

आमच्या घरात आजार दोन प्रकारचे असतात, चारचौघांत सांगण्याजोगे आणि न सांगण्याजोगे. गुडघे, मोतीबिंदू, बीपी हे पहिल्या प्रकारातले. ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा चवीनं सांगता येतात. लिव्हर मात्र दुसऱ्या प्रकारातलं, कारण लिव्हर म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे आधी बाटली येते. म्हणून माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे सरोजवहिनींच्या लिव्हरवर चरबी साठल्याचं निघालं, तेव्हा माझे थोरले दीर दत्तप्रसाद यांनी पहिलं काम काय केलं, तर उठून दिवाणखान्याचं दार लावून घेतलं.

वहिनी आणि मी शनिवार पेठेत एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. मी शाळेत गणित शिकवते आणि त्या घर चालवतात. खरं म्हणजे दोन्ही घरं त्याच चालवतात. माझा स्वभाव तापट आहे, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. इतक्या वर्षांत वहिनींशी एकदा तरी कडाक्याचं भांडावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केले, पण मी तोंड उघडायच्या आत त्या विचारतात, "जेवलीस का?" या प्रश्नापुढे भांडण टिकत नाही. मी त्या बाईवर जीव टाकते, हे एकदा सांगून टाकते म्हणजे पुढे माझी चिडचिड वाचताना गैरसमज व्हायला नको.

तर वहिनींचं वजन एकशे अठरा किलोपर्यंत गेलं होतं. साखर होती, दोन जिने चढल्या की कठड्याला धरून उभ्या राहायच्या, आणि झोपेत श्वास अडकायचा. सगळे उपाय करून झाल्यावर वजन उतरवण्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. सर्जन होत्या डॉक्टर ऋतुजा, चाळिशीच्या, बोलायला सरळ. सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून त्यांनी कागदावर एक चित्र काढलं.

"हे जठर. आपल्याला हे लहान करायचंय. आणि हे त्याच्यावर झाकणासारखं पसरलंय ते लिव्हर. ऑपरेशनच्या वेळी मला ते उचलून धरावं लागतं, नाहीतर खालचं काही दिसत नाही. तुमचं लिव्हर चरबीनं फुगून जड झालंय. तसंच उचललं तर ते चिरतं आणि रक्त येतं. म्हणून आधी दोन आठवडे पथ्य. प्रोटीनचं पेय, ताक, पातळ सूप, उकडलेल्या भाज्या. पोळी नाही, भात नाही, गोड नाही, तळलेलं नाही. एवढ्यानं लिव्हर आक्रसतं. हे पथ्य म्हणजे अर्धं ऑपरेशनच आहे, असं समजा."

वहिनी मान डोलावत होत्या. दत्तादादांचं लक्ष भलतीकडेच होतं.

"डॉक्टर, आमच्या घरात कुणी थेंबाला शिवत नाही," ते म्हणाले.

"काका, ही दारूची चरबी नव्हे. वजनाची आणि साखरेची आहे. इथे ऑपरेशनला येणाऱ्या बहुतेकांना असते."

"ते तुम्हाला माहीत आहे हो. लोकांना काय माहीत?"

घरी आल्यावर दार लावून बैठक झाली. दादा बँकेतून निवृत्त झालेत आणि घरातली कुठलीही बातमी बाहेर जाताना त्यांच्या सहीनंच जाते. त्यांनी ठरवलं की लिव्हर हा शब्द या दाराबाहेर जाणार नाही. लोकांना सांगायचं, पोट लहान करण्याचं ऑपरेशन आहे.

"आणि दोन आठवडे पथ्य कशासाठी, असं विचारलं तर?" मी म्हटलं.

"वजनासाठी, असं सांग."

"दादा, वजन तर ऑपरेशननंच उतरणार आहे. मग आधी उपाशी कशाला, असं कुणीही म्हणेल."

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," माझा नवरा श्रीनिवास म्हणाला. हे वाक्य तो बोलायला लागल्यापासून म्हणत आलाय.

मी आणखी बोलणार होते, पण वहिनींनी माझा हात धरला. "राहू दे अस्मिता. यांना उगाच चोरट्यासारखं होईल. तू कुणाला सांगणार नाहीस, माझी शपथ आहे." शपथेवर माझा काडीचा विश्वास नाही, पण ती वहिनींची होती. मी गप्प बसले.

बातमी दादांच्या सहीनं बाहेर गेली आणि दोन दिवसांत वारज्याहून आमच्या नणंदेचा, आनंदीताईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "म्हणजे वहिनी यापुढे दोन घासांवरच राहणार? अन्नाला पारखीच झाली की गं ती." मी म्हटलं, तसं काही नाही, हळूहळू सगळं खाता येतं, थोडं थोडं. पण आनंदीताईंच्या मनात काही निराळंच शिजत होतं. लग्नाआधी मुलीला घरी बोलावून आपण केळवण करतो, कारण ती दुसऱ्या घरी जायची असते. मग वहिनींचं का नको? चार जणांनी एकदा मायेनं जेवू घालावं, मग खुशाल जाऊ दे ऑपरेशनला. हे त्यांनी इतक्या प्रेमानं ठरवलं की त्यातला मूर्खपणा कुणाला दिसेना. लिव्हरचं ठाऊक नसल्यावर दिसणार तरी कसा?

"जाऊ नका," मी वहिनींना बजावलं.

"नुसती बसून येईन गं. नाही म्हटलं तर ती किती दुखावेल."

पथ्याचा तिसरा दिवस होता. मी पहारा द्यायला बरोबर गेले. आनंदीताईंनी मधोमध पाट मांडला होता, ताटाभोवती महिरप काढली होती, समई लावली होती. वहिनींना बसवून त्यांनी कुंकू लावलं, ओटी भरली, आणि स्वतः पदर खोचून वाढायला लागल्या. पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, मसालेभात. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी ताटाकडे पाहिलं, आणि त्या जेवायला लागल्या.

जेवताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. खादाडपणाचा नव्हता तो. शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीचा असतो ना, तसा होता. मी तरीही म्हटलं, "वहिनी, पुरे आता." सगळे हसले. आनंदीताई म्हणाल्या, "अस्मिता, इथे छडी आणली नाहीस ना? पोटाची पुरचुंडी होणारच आहे तिच्या. आज खाऊ दे." समोर बसलेले दादा माझ्याकडे बघून खाकरले. शपथ आडवी आली.

एकदा पायंडा पडल्यावर कोण थांबतंय? मंडईजवळच्या गोदाआत्यांनी श्रीखंडपुरी केली. खालच्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी बासुंदी केली आणि वर खणही दिला. मधल्या दिवसांत वहिनी बिचाऱ्या ते खडूच्या चवीचं प्रोटीन नाक दाबून प्यायच्या आणि दुधीच्या सुपात मीठसुद्धा मोजून घालायच्या. त्यांना वाटत होतं, त्यानं फिटंफाट होईल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात विचारलं, पथ्य पाळलं ना? दादा म्हणाले, अगदी काटेकोर. मी तेव्हा शाळेत होते, ते दादांचं नशीब.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनींना सकाळी आत नेलं. दीड-दोन तास लागतील असं सांगितलं होतं. श्रीनिवास चहा आणायला गेला होता, तो परत येईपर्यंत दार उघडलं आणि डॉक्टर ऋतुजा बाहेर आल्या. इतक्या लवकर कुणी बाहेर येतं ते चांगल्या बातमीसाठी नव्हे, हे सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

"त्या ठीक आहेत," त्यांनी आधी सांगितलं. "पण मी थांबले. कॅमेरा घातला तर लिव्हर पिवळं, जड, कडा गोल झालेल्या. उचलायला गेले तर काठाला चीर जाऊन रक्त यायला लागलं. ते थांबवलं. तपासायला लहानसा तुकडा घेतला आणि बंद केलं. पुढे गेले असते तर खालचं काही न दिसता कापावं लागलं असतं. तो धोका मी घेणार नाही." मग त्यांनी दादांकडे पाहिलं. "पथ्य पाळलं होतं ना?"

दादा भिंतीकडे बघायला लागले. शपथ, घराण्याची अब्रू, सगळं मी तिथल्या तिथे सोडून दिलं.

"केळवणं झाली," मी म्हटलं.

"काय झाली?"

"केळवणं. तीन."

डॉक्टरबाई पुण्याच्याच असल्यामुळे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्या बाकावर बसल्या. "मी त्यांचं लग्न लावत नव्हते हो," त्या म्हणाल्या.

वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो, "झालं?" मीच म्हटलं, "नाही वहिनी. नाही करता आलं." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हा रडताना पाहिलं होतं, पण ते चारचौघींसारखं होतं. हे बिनआवाजाचं होतं आणि बराच वेळ चाललं.

आठवड्यानं तुकड्याचा रिपोर्ट आला. नुसती चरबी नव्हती, लिव्हरमध्ये व्रण पडायला सुरुवात झाली होती. डॉक्टर ऋतुजांनी आडपडदा ठेवला नाही. "चरबी जाते. व्रणसुद्धा या टप्प्यावर असतील तर मागे फिरू शकतात, वजन उतरलं तर. असंच राहिलं तर काही वर्षांत लिव्हर कडक होईल, आणि मग माझ्या हातात फारसं काही उरणार नाही. पुढच्या महिन्यातली तारीख देते. या वेळी पथ्य तीन आठवडे."

वहिनींनी तिथे मान डोलावली आणि घरी येऊन सांगितलं की त्या पुन्हा जाणार नाहीत.

दादांनी समजावलं, श्रीनिवासनं समजावलं, मुलीनं, अवनीनं, बंगळूरहून फोनवर समजावलं. वहिनींचं एकच, "मला नाही जमणार. माझा माझ्यावरच भरवसा नाही." शेवटी मी गेले. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. या वेळी मात्र मी त्यांना जेवलीस का विचारायला सवडच दिली नाही.

"तुम्हाला जिवापेक्षा पुरणपोळी मोठी झाली का? दोन आठवडे तोंडावर ताबा ठेवता आला नाही? अवनीचं लग्न व्हायचंय अजून. आम्ही काय करायचं तुमच्यामागे? समोरच्या दाराला कुलूप बघत बसायचं?"

हे मी फार मोठ्यानं बोलले. त्यांनी मेथीची काडी बाजूला ठेवली.

"पुरणपोळी माझी मीच करते गं. आनंदीपेक्षा बरी करते."

"मग?"

"माझे वडील गेले आणि वर्षाच्या आत लग्न उरकलं माझं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागलं असतं. घरात सगळे दुःखात. काका म्हणाले, अशा घरात केळवणं कसली करता? खरंच होतं त्यांचं. इकडे आल्यावर मी सगळ्यांची केली. आनंदीचं केलं, श्रीनिवासचं केलं, गोदाआत्यांच्या तिन्ही सुनांची केली. पाट मांडायचा, महिरप काढायची, आग्रह करायचा. मला येतं ते छान." त्या थोडं हसल्या. "परवा आनंदीनं मला पाटावर बसवलं. म्हटलं, चोपन्नाव्या वर्षी का होईना, हे माझ्यासाठी आहे. मग ताट तसंच टाकून मी उठणार कशी होते, अस्मिता? तूच सांग."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. भरल्या घरात या बाईनं सगळ्यांना वाढलं आणि तिला कुणीतरी वाढावं एवढीच हौस राहून गेली होती. ती पुरवायला निघालेल्या माणसांना आपण काय वाढतोय हेच ठाऊक नव्हतं. दारात काहीतरी हललं म्हणून पाहिलं तर दादा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत गेले आणि शर्ट बदलून आले.

"श्रीनिवासला गाडी काढायला सांग," ते मला म्हणाले. "वारज्याला जायचंय."

आनंदीताईंच्या दारात त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "आनंदी, सरोजच्या लिव्हरवर चरबी आहे. पथ्य त्यासाठी होतं. दारूचा काही संबंध नाही. लोक काय म्हणतील म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि म्हणून ऑपरेशन फसलं. तुझी चूक नाही. माझी आहे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाची परवानगी न घेता घरातली बातमी बाहेर काढली होती. अर्थात परवानगी देणारेही तेच होते म्हणा.

आनंदीताई मटकन चपलांच्या कपाटावरच बसल्या. "म्हणजे मी तुपाची धार धरली ती..." मग एकदम भडकल्या. "दादा, वहिनी आणि दारू, असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच प्यायलास का म्हणून विचारलं असतं. एवढी बँक चालवलीस तू, एवढं कळू नये?" दादा मान खाली घालून ऐकत होते. मला मनातून बरं वाटलं, नाकारत नाही.

डोळे पुसून आनंदीताईंनी विचारलं, "तिला काय चालतं ते सांग. मला वाढायचंय."

तर पुढचे तीन आठवडे आमच्या मजल्यावर असा प्रकार चालला. आज आनंदीताई, उद्या गोदाआत्या, परवा विमलाबाई. प्रत्येकीनं यायचं, पाट मांडायचा, महिरप काढायची, आणि मधोमध वाटीभर दुधीचं सूप वाढायचं. गोदाआत्या शहाऐंशी वर्षांच्या, त्यांना ताकाचा आग्रह कसा करतात ते समजेना. तरी त्या "घे गं, अजून एक घोट" म्हणायच्या. मी शेजारी मापाचा पेला घेऊन उभी असायची आणि सगळ्या जणी मला पोलीस म्हणायच्या. हे सगळं हसतखेळत झालं, असं मात्र नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा वहिनींनी सुपाची वाटी ढकलून दिली आणि लहान मुलीसारख्या भाकरीसाठी रडल्या. दादा त्यांच्याबरोबर तेच सूप पीत होते. त्यांनी आपली वाटीही बाजूला सारली, म्हणाले, "मलाही नको," आणि दोघं रुसल्यासारखी बसून राहिली. तासाभरानं दोघांनी गार सूप संपवलं. दादांच्या पँटी ढगळ झाल्या, त्याबद्दल ते अजून कुरकुरतात.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा त्याच बाकांवर होतो. श्रीनिवास या वेळी चहा आणायला गेला नाही. कुणीच हललं नाही. मागच्या वेळी दार जेव्हा उघडलं होतं, ती वेळ आली. दार उघडलं नाही. ती वेळ मागे पडली. आनंदीताईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. एरवी दवाखान्यात माणूस उशीर झाला की घाबरतो. आम्ही उशीर व्हावा म्हणून देवाला विनवत होतो.

शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी दादांना विचारलं, "कशाचं ऑपरेशन आहे?"

"पोटाचं," दादा म्हणाले. मग घसा साफ करून, सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लिव्हरवर चरबी आहे माझ्या बायकोच्या. ती आक्रसावी म्हणून तिनं तीन आठवडे सुपावर काढलेत. आता आत चाललंय." त्या गृहस्थांनी आदरानं मान हलवली. बाटलीचं नावही कुणी काढलं नाही.

दुपारी डॉक्टर ऋतुजा बाहेर आल्या. मास्क खाली करून म्हणाल्या, "उचललं गेलं लिव्हर. अलगद. सगळं व्यवस्थित झालं." आनंदीताईंनी त्यांना तिथेच मिठी मारली. दादा उठून उभे राहिले, आणि पुन्हा बसले.

संध्याकाळी मला आत सोडलं. वहिनींचे डोळे उघडे होते, पण त्या काही विचारत नव्हत्या. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांची विचारायची छातीच होत नव्हती, हे मला दिसलं.

"झालं, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून उशीवर गेलं. मी ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसले, कारण अजून पाणी द्यायचं नव्हतं. त्या काहीतरी पुटपुटल्या म्हणून मी कान जवळ नेला.

"सगळ्यांना सांग," त्या म्हणाल्या, "मला जेवायला बोलवायचं थांबवू नका म्हणावं. चमचाभरच जेवीन. पण येईन."